अंगठा आणि चिंबोरीचं कढण

माणसाला पायाचा अंगठा असतो हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणजे होते, दोन होते, जोडव्याच्या बोटाशेजारी पडून असायचे. मी काही त्यांची कधी चौकशी केली नव्हती. आषाढातल्या एका सकाळी आवण, म्हणजे लावणीची भातरोपं, खणायला म्हणून उठले, उजवा पाय जमिनीला टेकवला आणि तशीच खाटेवर परत बसले. अंगठ्याच्या मुळाशी कुणीतरी तापवलेला खिळा ठोकून ठेवला होता. बघते तर लाल, तकतकीत, सुजून दुप्पट झालेला. गोधडीचा कोपरा नुसता घासला तरी डोळ्यांत पाणी येत होतं.

आता हे नातवंडांना सांगते तेव्हा ती हसतात आणि मीही हसते. त्या पन्नाशीतल्या बाईवर हसण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्या सकाळी हसायला जागा नव्हती, कारण त्या अंगठ्यावर आमचं शेत उभं होतं.

सांगते कसं ते. आमचं गाव पोशीरच्या बाजूचं, रस्त्यापासून जरा आत. गावाखाली आमची भाताची खाचरं. नवरा खोपोलीला कंपनीत, तीन पाळ्यांत फिरणारा. मुलगा पनवेलला नोकरीला, त्याला चिखल बुटाला लागलेलाही चालत नाही. मुलगी लोधिवलीला दिलेली. म्हणजे शेत करणारी मी एकटी. आजूबाजूची शेतं एकेक करून विकली जात होती. जिथं भात होतं तिथं लोखंडी गेट, गेटवर विंग्रजी नाव, आत झोपाळा आणि शनिवार-रविवारी मोठ्यानं लावलेली गाणी. आमच्या खाचरांसाठीही मुंबईची एक पार्टी एजंटाला धरून होती. नवरा मला दर वर्षी तेच सांगायचा.

"तू करतेस तवर ठीक हाय. मी पाळीला, पोरगा पनवेलला. तू बसलीस की त्याच दिवशी देऊन टाकू."

"मी बसणारी नाय," मी म्हणायचे. कमरेला पदर खोचून, वर हनुवटी उचलून. त्या बाईला आत्ता समोर उभी केली तर मी तिला एक चापट मारीन.

खरं सांगायचं तर शेताचा तांदूळ आम्हाला वर्षभर पुरायचाही नाही. पण लावणीत माझा हात धरील अशी बाई आसपासच्या वाड्यांत नव्हती, आणि ते मला फार म्हणजे फारच आवडायचं. माझी ओळ दोरी लावल्यासारखी जायची. शेत गेलं तर मी कोण राहणार होते? खोपोलीच्या पाळीवाल्याची बायको. डबा भरणारी.

तर त्या सकाळी मी खाटेवर, आणि मोठी जाऊ दारात. ती भिंतीला भिंत लागून राहते. तिला मी वयनी म्हणते.

"उठतेस ना गं? बाया निघाल्या."

"वयनी, अंगठा."

"काय झालं अंगठ्याला? मोडला?"

"नाय वो. निसता सुजलाय."

"मंग उठ की. निसता अंगठा तं हाय." आणि तिनं तो बोटानं दाबून बघितला. माझ्या तोंडातून जो आवाज निघाला त्यानं परसातल्या कोंबड्या कुडाबाहेर पळाल्या. वयनी दोन पावलं मागं सरली.

"हाड धरलंय," तिनं निकाल दिला. "चिखलात उभं राहून राहून थंडी हाडात गेली. हाडाला हाडाचंच घालाय पायजे."

आमच्याकडे हाडाचं म्हणजे चिंबोरी, खेकड्याची मादी असो की नर. पावसात ओहळाला काळ्या चिंबोऱ्या निघतात. बाळंतीण उठवायची असो, कुणाचा हात मोडलेला असो, म्हातारी अंथरुणाला खिळलेली असो, चिंबोऱ्यांच्या नांग्या आणि पाय पाट्यावर ठेचायचे, फडक्यातून गाळायचे, त्यात लसूण, मिरी, थोडं तांदळाचं पीठ घालून कढण करायचं आणि गरम गरम प्यायला द्यायचं. चिंबोरी आतून लोण्यासारखी, बाहेरून दगडासारखी. तिचं कढण प्यायलं की आपलं हाड तसं होतं, अशी समजूत. वयनीनं वाडगा भरून आणला. मी तो दोन्ही हातांनी धरून प्यायले. चव आजही जिभेवर आहे, आणि अजून आवडते, हेच तर दुखणं आहे.

संध्याकाळी अंगठा आणखी चढला. वयनी म्हणाली, "औषध लागू पडतंय. आधी उफाळतं, मंग उतरतं." दुसऱ्या दिवशी परत वाडगा. तिसऱ्या दिवशी घोटाही सुजला. मला ताप आला. तरी मी पीत होते. शहाणी बाई काय करते? एकदा पिऊन बघते, दुखलं तर थांबते. ही बाई दुखलं की जास्त मागून घेत होती.

आमच्यात लावणीला पैसे देऊन माणसं आणायची पद्धत नाही. मी तुझ्या शेतात, मग तू माझ्या. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या चिखलात वाकले होते आणि नेमकी माझी पाळी आली तेव्हा मी बांधावर, डोक्यावर प्लास्टिक घेऊन, पाय उपड्या टोपलीवर ठेवून बसलेली. बायांनी लावणी करून दिली, पण तोंडाला कुलूप लावून नाही.

"राणीसाहेब बसल्यात बघ."

"टोपली तं सोन्याची पायजे होती."

"तिच्या ओळीचा लई तोरा ना. बघू दे आता आमच्या वाकड्या ओळी."

मी हसले. आतून मरत होते. कारण नवऱ्यानं पहिल्या पाळीवरून येऊन बांधावर उभं राहून मला बघितलं होतं आणि एक शब्द न बोलता घरी गेला होता. तो रागावला असता तर मी दोन शब्द ऐकवले असते. गप्प माणसाला काय ऐकवायचं?

मग श्रावण लागला. आमच्या घरी श्रावणात चिंबोरी नाही, मासळी नाही, सुकटही नाही. मी रोज कुलदेवीला दिवा लावायला लागले, सोमवार धरले, शनिवार धरले. आणि अंगठा उतरला. सुकलेल्या कातडीची सालं निघाली आणि खालून जुना अंगठा निघाला. मी घरभर मिरवत चालले. देवी पावली म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. त्या मिरवणाऱ्या बाईच्या डोक्यात एकदाही आलं नाही की महिनाभर आपण दिवा जास्त लावलाय खरा, पण चिंबोरी शून्य खाल्लीय. देवीनंही काय करावं, सगळं समोर मांडून ठेवलं होतं बिचारीनं.

गौरी आल्या. आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण आणि चिंबोऱ्या दोन्ही. महिनाभर उपाशी राहिलेली जीभ, देवीनं बरं केलेला पाय, आणि पुढ्यात देवीचाच प्रसाद. मी कलेजी वेगळी काढून खाल्ली. नांग्या चोखल्या. रस्सा भातावर घेतला, परत घेतला.

दुसऱ्या दिवशी उजवा अंगठा, आणि या खेपेला डाव्या पायाचा घोटाही. आधी दुखलं होतं, आता भीती वाटली. देवीनंच बरं केलं होतं आणि देवीचाच प्रसाद खाऊन उलटलं, म्हणजे माझ्याकडून काहीतरी घडलंय. मी देव्हाऱ्यापुढं बसून काय चुकलं ते आठवत राहिले. सासूला उलट बोलले होते ते आठवलं. जावेच्या शेंगा तोडल्या होत्या त्या आठवल्या. पन्नास वर्षांचं सगळं आठवलं, आदल्या दिवशीचं ताट सोडून.

त्याच आठवड्यात एजंट पार्टीला घेऊन आला. रविवार होता. नवऱ्यानं मला सांगितलंही नव्हतं. दोघं नवराबायको, पांढरे बूट घातलेले, गाडी रस्त्याला लावून बांधावरून चालत येत होते. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या अजून पोटातच, हिरवंगार. बाई फोनवर फोटो काढत होती. मी ओटीवरून बघितलं आणि माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. ठरवलं, चालत जायचं. त्यांच्यासमोर, नवऱ्यासमोर. बघा, ही बाई उभी आहे, शेत विकायला नाही.

भिंत धरून अंगण पार केलं. कुंपणाची काठी धरून पाणंद पार केली. बांधावर धरायला काही नव्हतं. दातावर दात ठेवून काही पावलं टाकली. मग डाव्या पायानं नकार दिला आणि मी आडवी झाले ती थेट भातात, पोटरीतल्या रोपांना घेऊन. पांढऱ्या बुटांची बाई धावली.

"आँटी, लागलं का? कुणी आहे का घरात हिच्याबरोबर?"

नवरा तिच्या मागंच उभा होता. त्यानं मला उचललं. चिखलानं भरलेली मी, त्याच्या रविवारच्या शर्टाला लागलेली. वाटेत तो फक्त एवढंच म्हणाला, "पितरं होऊ दे. मंग बोलणी करू." रागानं नाही म्हणाला. दमलेल्या माणसासारखा म्हणाला. त्यामुळे मला कळलं की हे होणार.

त्यानंतरचे दिवस मी नीट सांगू शकत नाही. बसून खरकटी काढायची, बसून भाकऱ्या थापायच्या, बसून अंगणात बघायचं. न्हाणीत जायचं तर भिंतीला हात लावत लावत. वयनीनं कढण आणलं, मी प्यायले. परसातून वाऱ्यावर भाताचा वास येत होता आणि मी मनात म्हणत होते, कापू दे एवढं, मग पाय काढून घे, दोन्ही घे. कुणाला म्हणत होते कोण जाणे. देवीवर तर मी रुसलेली होते.

मुलगी माहेरी आली ती पितरांना. मला बघून तिनं आधी रिक्षा बोलावली. कर्जतला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, माझ्या मुलापेक्षा थोडा मोठा असेल. पाय बघितला, रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्ट आल्यावर परत बोलावलं.

"युरिक ॲसिड खूप वाढलंय. याला गाऊट म्हणतात. पाळी थांबलीय का तुमची?"

"झाली दोन वर्षं."

"मग बायकांमध्ये हे त्यानंतर दिसतं. खाण्यात काय काय असतं?"

मी अभिमानानं सांगितलं. चिंबोरीचं कढण, रोज एक वाडगा. पायासाठीच.

त्यानं पेन खाली ठेवलं. "पायासाठी?"

"हाड धरायला."

"आणि?"

"सुकट. बोंबील. गौरीला मटण. कलेजी. पावसाच्या माशांची गाभोळी."

तो मुलीकडे बघायला लागला, मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "आई," तो म्हणाला, "तुम्ही दुखण्याला खुराक घातलात. जे जे सांगितलंत त्यातूनच हे युरिक ॲसिड बनतं. ते सांध्यात खड्यांसारखं साचतं. बरं, पाणी किती पिता?"

"घरी पिते की."

"शेतात?"

"शेतात कोण पाणी पितं?"

"दिवसभर उन्हापावसात काम करून पाणी नाही पीत? का?"

मी मुलीकडे बघितलं, ती मदतीला आली नाही. "डॉक्टर, शेताला दार नसतं."

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. त्याला कुठून माहीत असणार? आमच्या सगळ्याच बाया सकाळी घरून निघताना जाऊन येतात आणि अंधार पडेपर्यंत कळ काढतात. म्हणून प्यायचंच नाही. पोटरीभर पाण्यात दिवसभर उभं राहायचं आणि घशाखाली घोटभर नाही. माझ्या आईनं तेच केलं, सासूनं तेच केलं. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

रिक्षात मुलगी म्हणाली, "आये, मंग कढण बंद."

"त्या पोराला काय कळतंय," मी म्हणाले. हो, हेही म्हणाले. एवढं सगळं होऊन.

डॉक्टरनं एक गोळी दुखेल तेव्हा आणि एक रोज घ्यायला दिली होती. दुखणं थांबलं की मी रोजची बंद केली. घर तर सल्ल्यांनी भरून गेलं होतं. एक म्हणाली वांगं सोड, दुसरी म्हणाली टोमॅटो, तिसरी म्हणाली वाल तर विषच. दही सोड, चिंच सोड, भात सोड. मी सगळं सोडलं. चिंबोरीही सोडली, पण चिंबोरीसारखंच बाकी सगळंही सोडलं, त्यामुळे तिचा गुन्हा तिच्यावर कधी शाबित झालाच नाही. भाकरी आणि दुधीवर राहून माझे गाल बसले. कापणीला मी उभी राहिले, पण दर पेंढीला विळा खाली ठेवावा लागत होता. नवऱ्यानं बोलणी पुढं ढकलली होती, एवढंच. पार्टीचा फोन यायचा तेव्हा तो अंगणाच्या टोकाला जाऊन बोलायचा.

मुलीनं फोनवरून सांगितलं, "आये, एकदम सगळं नको सोडू. आता एकेक गोष्ट परत घे. आठवडाभर एकच नवीन. बघ कशानं होतंय."

मग ते सुरू झालं. वाल खाल्ले, बिरडं करून, भरपूर. काही नाही. टोमॅटो, काही नाही. वांगं, काही नाही. माघात शेतावर पोपटी लावली, मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी, वरून भांबुर्ड्याचा पाला. मी शेंगा आणि अंडी खाल्ली, कोंबडीला हात लावला नाही. काही नाही. मी इतकी खूश झाले की वयनीच्या चुलीवर भाजलेली सुकट चिमटीनं उचलली. मग वाटीनं. म्हटलं, सुकट म्हणजे काय, नखाएवढी तर असते.

सकाळी अंगठा लाल.

नवरा दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होता. मी लंगडत चहा आणला.

"काय झालं पायाला?"

"ठेच लागली."

त्यानं चहा घेतला, मान खाली घातली आणि माझ्या पदराचा वास घेतला. "ठेचेला सुकटीचा वास येतोय."

मी हसायला गेले आणि रडले. सगळं एकदम बाहेर आलं. त्याच्यासमोर मी असं कधी रडले नव्हते, लग्नातही नाही. "शेत नका देऊ वो," मी म्हणाले. "मला आता कळलंय कशानं होतंय. चिंबोरी नाय, सुकट नाय, कलेजी नाय, बाकी सगळं चालतंय. रोजची गोळी घेते. पाणी पिते. एक लावणी द्या. त्या लावणीत मी बसले तर सही करा, मी आडवी येणार नाय."

त्यानं चहा संपवून कप खाली ठेवला. "एक," म्हणाला.

पुढच्या आषाढात मी शेतात पाण्याची कळशी आणि निळी ताडपत्री नेली. चार बांबू रोवले, करवंदीच्या जाळीआड ताडपत्रीचा आडोसा केला. बाया आल्या आणि बघतच राहिल्या.

"अगं ये, शेतात संडास बांधलास काय?"

"आता दाराला कडीपण लाव."

"आमदाराला बोलव उद्घाटनाला."

मी तांब्याभर पाणी प्यायले आणि आडोशाला जाऊन आले, सगळ्यांच्या देखत. दुपारपर्यंत त्या ताडपत्रीला फुरसत नव्हती. कळशी दोनदा भरून आणावी लागली.

ज्याचं शेत त्याच्याकडे दुपारचं तिखट जेवण, हा आमचा रिवाज. वयनीनं चिंबोऱ्यांचा रस्सा केला होता. वास सबंध शेतावर. मी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः भाकरी, वाल आणि ताक घेऊन बसले.

"आपण खात नाय आणि आमाला घालतेस," एक म्हणाली. "काय घातलंय गं यात?"

"विष," मी म्हणाले. "माझ्यापुरतं."

वयनीनं माझ्या ताटाकडं बघितलं नाही. आदल्या पावसात ती मला स्वतःच्या हातानं कढण पाजत होती आणि हे तिला मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण कळायचं ते तिला कळलं होतं. जेवण झाल्यावर तिनं माझ्या वाटणीच्या रोपांच्या मुठी आपल्या टोपलीत ओढून घेतल्या. मी त्या परत ओढल्या.

मी लावत गेले. ओळ दोरीसारखी जात नव्हती, हे मला दिसत होतं आणि बायांनाही दिसत होतं. दर थोड्या वेळानं मी चिखलात अंगठा हलवून बघायचे. आहे? नाही. आहे? नाही. सबंध दिवस मी त्याच्याशी बोलत होते, चिखलातल्या त्या एका बोटाशी, लाच देत होते, धमक्या देत होते. बाया निघाल्या तेव्हा एक खाचर उरलं होतं, सगळ्यात खालचं, लहान. मी म्हटलं, जावा तुमी, हे मी करते.

बाया वळणाआड गेल्या आणि अंगठ्यात ठणका उठला. बारीक. खिळा नाही, टाचणी. मी तशीच उभी राहिले, हातात मूठ, आणि मला वाटलं, गेलं. वर्षभराचं सगळं गेलं. वाकून लावायला जावं तर पाय टेकवेना, बाहेर यावं तर मी बसले असंच झालं असतं. पाणी प्यायले. परत प्यायले.

नवरा पहिल्या पाळीवरून आला तो थेट बांधावर. कंपनीची निळी पँट, हातात डबा. लावलेल्या खाचरांकडे एकेक करून बघितलं, मग माझ्याकडे.

"किती राहिलं?"

"एवढंच," मी म्हणाले. "तुमच्यासाठी ठेवलंय."

त्यानं माझ्या पायांकडे बघितलं. पाण्याखाली होते, दिसत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघितलं, ते दिसत होतं. डबा बांधावर ठेवला, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली उतरला. कितीतरी वर्षांनी.

"मूठ दे," म्हणाला. "आणि तू बांधावर उभी राहा. बसू नको. उभी राहा."

मी उभी राहिले. त्याच्या ओळी इतक्या वाकड्या जात होत्या की बघवत नव्हतं.